आधी रिकामा तराजू

गुंजाळवाडीचे यशवंतराव देशमुख भारी शिस्तीचे. बाजाराच्या दिवशी चावडीसमोर बसून ते प्रत्येक विक्रेत्याला आधी रिकामा तराजू धरून दाखवायला लावत. पारडं जरा कललं, की तराजू जप्त!

एकदा देवीचं चांदीचं निरांजन नाहीसं झालं. पुजाऱ्याने देवळापाशी गूळ विकणाऱ्या धोंडाबाईकडे बोट दाखवलं. पुरावा कसलाच नव्हता. देशमुखांनी फर्मावलं, "धोंडे, दिव्य कर! उकळत्या तेलातून तांब्याचं नाणं हाताने काढ. हात भाजला, तर चोर तूच."

चावडीपुढे कढई चढली. सारा गाव लोटला. तेल कडकडीत तापलं, तशी धोंडाबाई पदर खोचून पुढे आली.

"घालते हात, सरकार. पण आधी रिकामा तराजू बघायचा, हा तुमचाच नियम. हे तेल खरं-खोटं नीट तोलतं का, ते आधी कळायला नको? ज्याने चोरी केलेली नाही अशी साऱ्या गावाची खात्री आहे, असा एक हात अगोदर घालून बघू."

"रास्त आहे," देशमुख मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पण असा हात कुणाचा?"

"तुमचाच की, सरकार!"

मिशीवरचा हात तिथेच थांबला आणि हळूच शेल्याखाली गेला. दिव्य रद्द झालं, चौकशीचा हुकूम सुटला.

तेल वाया जाऊ नये म्हणून धोंडाबाईने त्यात गुळाच्या पुऱ्या तळल्या. पहिली पुरी तिने देशमुखांपुढे धरली.

"जपून हं, सरकार. हात पोळेल!"