निंबाने गेम हलवला

गिरणेकाठच्या एका गावात निंबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं काम तो करायचाच. घरच्यांना भीती त्याचीच वाटायची.

त्याची बायको उज्वला आरोग्य केंद्रात नर्स होती. ट्रॅक्टरच्या शर्यतीचा एक गेम ती कॉम्प्युटरवर फार झकास खेळायची. त्या संध्याकाळी तिची शर्यत थेट नणंदेशी होती. नणंद मालेगावात बसून खेळायची, आणि जिंकली की वर्षभर बोलून दाखवायची.

पण नव्या अपडेटने गेम फुगला होता. कॉम्प्युटर ज्यात सगळं साठवतो त्या जुन्या एसएसडीत तो मावेना, म्हणून उघडेना. उज्वलाने मोठी एसएसडी आणून बसवली आणि ड्यूटीवर निघताना म्हणाली, "अहो, काल दाखवलंय ना, तेवढा गेम नव्या एसएसडीवर हलवून ठेवा."

"हलवतो," निंबा म्हणाला.

त्याने कॉम्प्युटर दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. गेम सुटा झाला असणार. त्याने फोन करून तसं कळवलं.

"अहो, हिसके कसले देता!" उज्वला ओरडली. "हलवायचं म्हणजे आहे तिथून अलगद उचलायचं आणि जास्त जागा असेल तिथे नेऊन ठेवायचं."

"असं होय! आता तसंच करतो."

तेवढ्यात परसातून आई म्हणाली, "निंबा, गॅसवरची खीर हलव रे जरा!"

निंबाने पातेलं अलगद उचललं. जास्त जागा कुठे? अंगणात. तिथे मधोमध नेऊन ठेवलं. आई आली तेव्हा गल्लीतला कुत्रा मिशा चाटत होता.

"मेल्या, हलवायचं म्हणजे जागच्या जागी!" आई कपाळाला हात लावून म्हणाली. "पळी घालायची, गोल गोल फिरवायची, तळाला लागू द्यायचं नाही."

"असं होय! आता तसंच करतो."

शेजारच्या हिराकाकूंनी हाक मारली, "निंबा, मी दळण घेऊन येते. नात उठलीय, तोवर पाळणा हलव."

निंबा पळी घेऊनच गेला. पाळण्यात घातली, गोल गोल फिरवली. दुपटं वर आलं, खुळखुळा खाली गेला. बाळ मात्र पळीची खीर चाटून खिदळत होतं.

"अरे देवा!" काकूंच्या हातून दळण सांडलं. "दोरी धरायची, हळूहळू झोके द्यायचे, अंगाई म्हणायची. झोप लागेपर्यंत थांबायचं नाही!"

"असं होय!"

निंबा घरी आला तर फोन वाजत होता. "गेम हलवला का?" उज्वलाने विचारलं.

"आत्ता हलवतो. आता नीट कळलंय."

ते ऐकून उज्वला धावतपळत घरी आली. कॉम्प्युटर स्क्रीनसकट सासूबाईंच्या लुगड्यात झुलत होता. निंबा दोरी ओढत गात होता. तिला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू! आत्ताच डोळा लागलाय."

उज्वलाने त्याच्या हातातून दोरी काढून घेतली. कॉम्प्युटर उतरवला, वायरी जोडल्या. नशिबाने चालू झाला. तिने गेम निवडला, नवी एसएसडी निवडली, बटण दाबलं. गेम निघाला. किती गेला ते दाखवणारा हिरवा पट्टा हळूहळू पुढे सरकू लागला.

"मी तोंड धुऊन येते," ती म्हणाली. "इथेच बसा. आणि तुमच्या पाया पडते, आता काही हलवू नका. हलू पण देऊ नका!"

"नाही हलू देत."

तिने तोंड धुतलं, केस बांधले. नणंदेचा फोन आला, "काय वहिनी, घाबरलात की काय?"

"ही आलेच बघा!" म्हणत उज्वला पदर खोचून आत आली.

स्क्रीन काळी होती. निंबा घामाघूम झाला होता. पण चेहरा असा, की जणू घर लुटलं जाताना वाचवलंय.

"उज्वला, बरं झालं मी बसलो होतो! तुझी पाठ वळली न वळली, गेम आपला आपणच हलायला लागला. पार शेवटाला पोचला होता. मी वायर उपटली, तेव्हा कुठे थांबला!"