रांजणाचे झाकण

एका राज्यात पाण्याला तोटा नव्हता. सात तळी होती, गल्लीगल्लीत आड होते, आणि राजवाड्याच्या तळघरात तांब्याचा एक रांजण होता. त्या रांजणात एका यक्षिणीची तहान कोंडलेली होती. फार पूर्वी ही यक्षिणी एका घोटात नदी संपवी. तेव्हा एका मांत्रिकाने तिची तहान तिच्यापासून सोडवून काढली, रांजणात भरली आणि वर झाकण बसवले. झाकणाच्या मधोमध लिंबाएवढा चंद्रकांत मणी जडवला. जाताना एकच नियम सांगून गेला. राजमुद्रेचा लेखी हुकूम असल्यावाचून झाकण काढू नये.

या रांजणाचा राखणदार होता नीलकेतू. वय पन्नाशीला टेकलेले. बावीस वर्षे तो रोज सकाळी चिंचेने झाकण घाशी, धुई, फडक्याने कोरडे करी. राजा शूरवर्मा त्याला वर्षातून एकदा, दसऱ्याला भेटे आणि "काय रे रांजणवाल्या" म्हणे. तेवढ्यावर नीलकेतूचे पुढचे वर्ष निघे.

राजकन्येचे स्वयंवर ठरले. चार दिवस उरले असताना राजाने नीलकेतूला हत्तीखान्यात बोलावून घेतले. राजा स्वतःच्या हाताने हत्तीला ऊस चारीत होता. जवळपास दुसरे कोणी नव्हते.

"नीलकेतू," राजा म्हणाला, "झाकणावरचा तो मणी राजकन्येच्या मुकुटात शोभेल. झाकण काढ, मणी सोडवून आण, मग झाकण पुन्हा बसव."

"महाराज, हुकमावर मुद्रा लागेल."

राजाने उसाचे कांडे खाली ठेवले आणि नीलकेतूच्या खांद्यावर हात ठेवला. "मुद्रेचे मागाहून पाहू. माझा शब्द पुरेसा नाही का, नीलकेतू?"

राजाला आपले नाव ठाऊक आहे, हे नीलकेतूला त्या दिवशी कळले. नियम त्याच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

दुसऱ्या दिवशी त्याने झाकण काढले. रांजणातून धूर निघाला नाही, गर्जना झाली नाही. फक्त तळघरात कोरडा वारा सुटला आणि पायऱ्या चढून बाहेर गेला. चंद्रकांत मण्याचा हातातल्या हातात भुगा झाला. झाकणाचे पत्र्यासारखे पापुद्रे निघाले.

माध्यान्हीपर्यंत साऱ्या राज्याला तहान लागली. तळी तुडुंब होती, आड भरलेले होते. लोक पाणी पीत आणि तहान तशीच राही. म्हातारी माणसे पोट दुखेपर्यंत पीत. तान्ही मुले आईच्या अंगावर पीत आणि सुटताच पुन्हा टाहो फोडीत. गाई तळ्यातून बाहेर येईनात.

दरबार भरला. प्रधानाने विचारले, "झाकण कोणी काढले?"

"मी काढले," नीलकेतू म्हणाला. "महाराजांच्या आज्ञेने."

सारा दरबार राजाकडे वळला. राजाने समोरचा पेला उचलला, पाणी पिऊन खाली ठेवला. मग नीलकेतूकडे न पाहता म्हणाला, "आम्ही अशी आज्ञा दिली नाही."

"महाराज, हत्तीखान्यात आपण..."

"मुद्रा आहे?" प्रधानाने विचारले.

"नाही."

"साक्षीदार?"

हत्ती बोलत असता तर बरे झाले असते, असा वेडा विचार नीलकेतूच्या मनात येऊन गेला. त्याला वाटत होते, आता राजा हसेल, आता म्हणेल की आठवले. राजा हसला नाही.

अशा गुन्ह्याला हात तोडण्याची शिक्षा होती. राजाने ती दिली नाही. नीलकेतूने चौकातल्या मोठ्या विहिरीवर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभे राहावे आणि येईल त्याला पाणी शेंदून द्यावे, एवढेच राजाने सांगितले. लोक म्हणाले, राजा दयाळू आहे. रिवाजाप्रमाणे नीलकेतूला वाकून म्हणावे लागले, "महाराजांची कृपा." ते दोन शब्द त्याच्या घशाला चटका देऊन गेले. नंतर किती पाणी प्यायला तरी तो चटका जाईना.

नऊ दिवस तो विहिरीवर उभा राहिला. लोक येत, ओंजळ पुढे करीत, पीत आणि तहान गेली नाही म्हणून उरलेले पाणी त्याच्या पायांवर टाकीत. कोणी म्हणे, "मण्यासाठी राज्य बुडवलेस." कोणी काहीच म्हणत नसे, ते जास्त लागे. त्याच्या शेजारची विणकरीण आपल्या मुलाला घेऊन आली आणि त्याच्या हातचे पाणी न घेता स्वतः पोहरा ओढू लागली. नीलकेतूने दोर सोडून दिला आणि बाजूला झाला.

घरी बायको कुमुदवती त्याला जेवायला वाढी. नवव्या दिवशी तिने विचारले, "आज्ञा होती ना?"

"होती."

"मग मान खाली का घालता?"

कधी त्याला वाटे, आपणच चुकीचे ऐकले असेल. कधी वाटे, राजा कधी खोटे बोलेल का? आज्ञा नव्हती आणि आपण ती स्वप्नात ऐकली, असेही एकदा वाटले. त्याच्या मनातला हत्तीखाना दिवसेंदिवस पुसट होत चालला होता.

दहाव्या दिवशी पहाटे विहिरीच्या काठावर एक चातक येऊन बसला. तो ताजातवाना दिसत होता.

"तुला तहान नाही?" नीलकेतूने विचारले.

"मी जमिनीवरचे पाणी पीत नाही," चातक म्हणाला. "म्हणून ही तहान मला लागली नाही. सरहद्दीवरच्या तळ्याकाठी यक्षिणी बसली आहे. तहान परत कशी कोंडायची, ते तिला ठाऊक आहे. तू का विचारत नाहीस?"

"मला विहीर सोडता येत नाही."

कुमुदवती भाकरी घेऊन आली होती. तिने त्याच्या हातातून दोर घेतला. "तुमच्या जागी मी उभी राहते," ती म्हणाली. "शिक्षा विहिरीवर उभे राहण्याची आहे. कोणी उभे राहायचे, ते मी पाहते."

तो निघाला. वळून पाहिले तेव्हा पहिला माणूस आला होता आणि कुमुदवतीच्या पायांवर पाणी टाकत होता. नीलकेतू झपाझप चालू लागला, कारण थांबला असता तर पुढे गेला नसता.

दोन दिवसांनी तो यक्षिणीपाशी पोहोचला. ती घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडून केस विंचरीत बसली होती.

"तुझी तहान मोकळी सुटली आहे," नीलकेतू म्हणाला.

"ऐकले. मला ती परत नको," यक्षिणी म्हणाली. "तिला निववायचे असेल तर तीन गोष्टी लागतील. पांढऱ्या डोंगराच्या झऱ्याचे कलशभर पाणी, एक थेंबही न चाखता आणलेले. जळत्या डोंगरातल्या तांबटाच्या हातचे नवे झाकण. आणि तिसरे, ज्याच्या शब्दावरून झाकण निघाले, त्याने चारचौघांत तसे सांगायचे."

"तिसरे होणार नाही."

"मग पहिल्या दोन तरी कर," यक्षिणी म्हणाली आणि पुन्हा केस विंचरू लागली.

पांढऱ्या डोंगराच्या झऱ्याने कलश मुकाट्याने भरू दिला. कठीण होते ते परतणे. त्या पाण्याने तहान भागते, हे नीलकेतूला वासावरूनच कळत होते. जीभ टाळूला चिकटली होती. कलश पावलागणिक जड होत गेला. दोनदा त्याने तो ओठांपाशी नेला. पण चोरीचा आळ त्याच्या माथ्यावर आधीच होता. खरी चोरी त्याला आता परवडणारी नव्हती. त्याने कलशाच्या तोंडाला धोतराचा पदर बांधला आणि चालत राहिला.

जळत्या डोंगराच्या पोटात तांबट बसला होता. तोही एक मांत्रिक होता. त्याच्या भट्टीला लाकूड लागत नसे, खरे बोलणे लागे.

"झाकण का काढलेस?" तांबटाने विचारले.

"राजाने आज्ञा दिली."

भट्टी थोडी लाल झाली. तांबे तसेच राहिले.

"हे खरे आहे," तांबट म्हणाला, "पण अर्धे आहे. पुन्हा सांग."

"मी चाकर आहे. राजाला नाही म्हणता येत नाही."

भट्टी विझू लागली. इथे ना दरबार होता, ना विहीर, ना कुमुदवती. तरीही नीलकेतूला तोंड लपवावेसे वाटत होते.

"मला नियम ठाऊक होता," तो शेवटी म्हणाला. "तो माझ्या ओठांवर आला होता. पण राजाने खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझे नाव घेतले. मला इतके बरे वाटले की मी नियम गिळला. चूक होते आहे हे मला माहीत होते. बोल राजाला लागेल, असे मनाशी म्हणालो आणि झाकण काढले."

भट्टी पांढरी झाली. तांबे पाण्यासारखे वितळले. तांबटाने झाकण घडवले, थंड केले आणि त्याच्या हाती दिले.

"मान खाली का जाते, ते आता कळले," नीलकेतू म्हणाला.

"तुझ्या वाट्याची तेवढी जाऊ दे," तांबट म्हणाला. "दुसऱ्याच्या वाट्याची कशाला वाहतोस?"

निघाल्यापासून अकराव्या दिवशी तो नगरात परतला. कुमुदवती विहिरीवरच होती. तिचे तळवे सोलवटले होते, पाय चिखलात होते. त्याने कलश आणि झाकण तिला दाखवले आणि तसाच दरबारात गेला. त्याच्या सांगण्यावरून रांजण तळघरातून वर आणून दरबाराच्या मधोमध ठेवला गेला. राजा सिंहासनावर होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती आणि उजवीडावीकडे पाण्याच्या घागरी होत्या. राजकन्या त्याच्या पायाशी आडवी पडली होती. तिचे ओठ फुटले होते.

नीलकेतूने कलशातले पाणी रांजणात ओतले आणि वर झाकण ठेवले. झाकण उडून जमिनीवर पडले. दुसऱ्यांदा ठेवले, पुन्हा पडले.

"काय हवे आहे याला?" राजाने विचारले.

"चारचौघांत खरे सांगणे हवे, महाराज. माझ्या वाट्याचे मी सांगतो." आणि जे त्याने तांबटाला सांगितले होते, ते भर दरबारात सांगितले. नावाचे, खांद्यावरच्या हाताचे, गिळलेल्या नियमाचे. सांगताना त्याचा आवाज दोनदा बसला. कोणीतरी हसले.

झाकण आता एका कडेने बसले. दुसरी कड वर तरंगत राहिली.

प्रधान उठला. "महाराज, हा आपल्यावर आळ घेतो. याला हाकलून द्यावे?"

राजाचा हात घागरीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तेव्हा नीलकेतूला दिसले की राजा भ्यालेला आहे. शत्रूला भ्यावे तसा नाही. लोक पाण्याला येतील आणि काहीच न बोलता निघून जातील, त्याला तो भ्यालेला होता. ही भीती नीलकेतू नखशिखान्त ओळखत होता.

तो हळूच, जवळच्यांनाच ऐकू जाईल असे म्हणाला, "महाराज, मी नऊ दिवस त्या विहिरीवर उभा होतो. माझी बायको अकरा दिवस उभी आहे. तिथे उभे राहता येते. माणूस मरत नाही."

राजाने त्याच्याकडे पाहिले. त्या पहिल्या दरबारापासून पहिल्यांदाच पाहिले. मग राजकन्येकडे पाहिले. मग तो सिंहासनावरून उतरला आणि रांजणापाशी आला.

"आज्ञा मी दिली होती," राजा म्हणाला. आवाज बारीक आला, म्हणून त्याने पुन्हा म्हटले. "हत्तीखान्यात, माझ्या तोंडाने. याने मुद्रा मागितली. मी दिली नाही. आणि दरबारात मी खोटे बोललो."

झाकणाची दुसरी कड खाली आली. बाहेरून कोरडा वारा आत शिरला, माणसांच्या केसांतून गेला आणि झाकणाखाली सरकला. रांजणात पाणी चुरचुरले, तापल्या तव्यावर चुरचुरावे तसे, आणि शांत झाले. झाकण घट्ट बसले.

प्रथम राजकन्या उठून बसली. तिने एक घोट घेतला आणि भांडे खाली ठेवले. मग नगरभर भांडी खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला. तान्ही मुले झोपली. गाई तळ्यातून बाहेर आल्या. चातक राजवाड्याच्या कळसावर बसला होता, तो ढगाच्या शोधात उडून गेला.

राजाने मुकुट काढून ठेवला आणि चौकात गेला. कुमुदवतीच्या हातून त्याने दोर घेतला. वीस दिवस तो विहिरीवर उभा राहिला. लोकांना आता तहान नव्हती, तरी ते येत. काहींनी त्याच्या पायांवर पाणी टाकले. काहींनी नुसते पाहिले. राजा पाणी शेंदत राहिला. एकविसाव्या दिवशी त्याने नवा नियम कोरून घेतला. मुद्रेवाचून राजाने काही सांगितले तर चाकराने ते ऐकू नये, आणि न ऐकल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये.

नीलकेतूला राखणदारी परत मिळाली. शेजारची विणकरीण एक पासोडी घेऊन आली. तिला त्याच्याकडे वर पाहता येईना. तिने ती उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या हातचे पाणी मी घेतले नाही." कुमुदवतीने तिला आत बोलावले, पाट दिला, आणि नीलकेतूने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती सगळा प्यायली.

राजकन्येचे लांबलेले स्वयंवर मण्यावाचूनच झाले आणि राज्यात पाणी पुन्हा पाण्यासारखे लागू लागले. यक्षिणीची तहान जशी निवाली, तशी ऐकणाऱ्याची, सांगणाऱ्याची निवो.