चवळीखाऊला मत कोण देणार?

“मतदान रद्द!” राजा तुमानी गरजला. “पाटकरी मीच नेमणार. माझा मावसभाऊ बाकारो. संपलं!”

सभेत एकच गलका झाला. आफ्रिकेतल्या बोरांगा राज्यात नदीचं पाणी पाटानं शेतांत सोडलं जाई आणि कोणाला कधी सोडायचं हे पाटकरी ठरवी. पाटकरी जागा राहिला तर कांदा पिके, झोपला तर करपे. मागचा पाटकरी मनसोक्त झोपला होता! म्हणून लोकांनी हट्ट धरला होता, की या खेपेला पाटकरी आम्ही निवडणार. राजानं आधी मान डोलावली आणि मतदान एका दिवसावर आल्यावर शब्द फिरवला.

“का पण, महाराज?” गर्दीतून एक मुलगी पुढे आली. तिचं नाव न्येले. पाटाच्या पार शेवटाला तिचं भुईमुगाचं शेत होतं. बाकारोसारखा आळशी पाटकरी आला, की तिथवर पाण्याचा थेंब पोचणार नव्हता.

“का म्हणजे? मतदान हा नुसता वेळेचा नास!” राजा म्हणाला. “राज्यात जमाती दोन. आम्ही साकोबे जास्त, तुम्ही तुरामे कमी. साकोबे साकोबेलाच मत देणार, तुरामे तुरामेलाच. मूल जन्मलं, की त्याचं मत ठरलं!”

“असं होय? मग निवडणूक सुईणीलाच घेऊ द्या की!”

सभा खदखदली. राजा मात्र रागावला नाही. त्याला रागावता येतच नव्हतं! साकोबे आणि तुरामे यांच्यात पूर्वजांनी थट्टेचं नातं बांधून दिलं होतं, आपल्याकडे मेहुण्या-मेहुण्यांत असतं तसं. एकानं वाटेल ते बोलावं, दुसऱ्यानं हसून ऐकावं. साकोबे तुरामेंना ‘चवळीखाऊ’ म्हणत, तुरामे साकोबेंना ‘शेंगचोर’. स्वतःच्या जमातीत मात्र उलटा कारभार. तिथं वडीलधारा किंवा मानकरी दिसला, की गुडघे जमिनीला, नजर खाली आणि तोंड बंद.

“चवळीखाऊ, फार बोलतेस!” राजा म्हणाला.

“शेंगचोर, तुम्ही फार कमी ऐकता!”

“ठीक आहे. घे मतदान!” राजानं मांडीवर थाप मारली. “एकीकडे बाकारो, दुसरीकडे तुम्ही उभी केलेली ती सिरा. साकोबेंनी तुरामे बाईला निवडून दाखवलं, तर दरवर्षी मतदान! नाही निवडलं, तर पुन्हा या शब्दाचा उच्चारही करायचा नाही. आणि ऐक, कोणाला काही द्यायचं नाही, कबूल करायचं नाही, भीती घालायची नाही.”

“आणि बोलायचं?”

“बोल की! बोलून कधी कोणाचं रक्त बदललंय?”

न्येले तडक बाजारात गेली. कांद्याच्या ढिगामागे फान्ता आजी बसली होती, पक्की साकोबे.

“आली बघा चवळीखाऊ!” आजी ओरडली. “वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघून उभी राहा गं बाई!”

भोवतालच्या बायका खो खो हसल्या. न्येलेही हसली. “आजी, उद्या मत कोणाला?”

“बाकारोला. नालायक आहे मेला, पण रक्ताचा आहे ना!”

“मागचा पाटकरीही रक्ताचाच होता. तुमचे कांदे करपले, तेव्हा काय म्हणालात त्याला?”

“मी काय म्हणणार? थोरल्या दिरासारखा तो! गुडघे टेकले, ‘आपली कृपा’ म्हटलं आणि घरी येऊन चुलीवर राग काढला.”

“बरं, आता मला सांगा. पुढच्या वर्षी पाट कोरडा पडला, तर बाकारोला काय म्हणाल? आणि सिराला काय म्हणाल?”

 आजीच्या डोळ्यांत हळूहळू एक चमक आली.

“सिराला?” ती म्हणाली. “अगं, सिराला मी काय काय म्हणेन!”

हा प्रश्न दुपारपर्यंत अख्ख्या बाजारात फिरला आणि संध्याकाळी नदीघाटावर पोचला.

दुसऱ्या दिवशी बोरूच्या काड्यांच्या पडद्याआड दोन मडकी ठेवली गेली. एकेक जण आत जाई आणि आपल्या पसंतीच्या मडक्यात खडा टाके. शेवटी राजासमोर दोन्ही मडकी उपडी केली, तर सिराच्या खड्यांची टेकडी झाली! बाकारोसमोर जेमतेम एक उंचवटा.

“लबाडी!” राजा ताडकन उठला. “एवढे तर राज्यात तुरामेही नाहीत!”

“नाहीतच, महाराज. त्यात बरेच तुमचे आहेत. आणि बाकारोंच्या ढिगात आमचेही काही आहेत!”

“तुमचे? तुमच्या लोकांनी बाकारोला मत दिलं? का?”

“त्यांनाही शिव्या द्यायच्या होत्या!”

“शिव्या? न्येले, नीट बोल. काय सांगितलंस लोकांना?”

“सांगितलं काहीच नाही. एवढंच विचारलं, की पाणी आलं नाही तर कोणाला तोंडावर बोलता येईल? रक्ताच्या माणसापुढे गुडघे टेकावे लागतात, महाराज. पाटकरी असा हवा, ज्याला भर बाजारात ‘ए चवळीखाऊ, ऊठ, पाणी सोड!’ म्हणता येईल. लोकांनी रक्त बदललं नाही, फक्त तोंड मोकळं ठेवलं!”

 राजाचे खांदे हलायला लागले, पोट हलायला लागलं आणि हसता हसता त्याचा मुकुट कानावर आला.

“दरवर्षी मतदान!” त्यानं डोळे पुसत जाहीर केलं. “आणि या पोरीला माझ्या गोठ्यातली सगळ्यात दुभती गाय!” मग तो पुढे वाकला. “पण खरं सांग, चवळीखाऊ. उद्या या सिंहासनासाठीच मतदान झालं, तर तुझा खडा कोणाला?”

“तुम्हालाच, महाराज!”

“मला? साकोबेला?”

“अहो शेंगचोर, ज्याला रोज इतकं मनापासून तोंडावर बोलावं असा दुसरा राजा आम्हाला कुठे मिळणार?”

राजा पुन्हा असा हसला, की नदीघाटावरचे बगळे उडाले. गाय एकच ठरली होती, पण त्यानं तिचं वासरूही देऊन टाकलं.