ताहोरची हाक

“…पण पोटच्या मुलावर शंका घेणं हे पाप आहे की नाही, एवढंच मला सांगा, अब्बा.”

म्हातारे अब्बा पामून टोपली विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हा प्रश्न कुणाचा?”

“आईचा. मी तिच्या वतीनं विचारतोय.”

“आणि ती कुठाय?”

थेओननं हातानं दाखवलं. समोरच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून ताहोर बसली होती. रविवारची सकाळ होती. आसपासच्या गावांतले लोक हळूहळू जमत होते आणि तिला वळसा घालून आत जात होते.

फार जुनी गोष्ट आहे. नाईल नदीच्या पश्चिमेला जिथं शेतं संपतात आणि वाळू सुरू होते, तिथं ख्रिस्ताच्या नावानं घरदार सोडलेले साधू मातीच्या कोठड्या बांधून राहत. वडीलधाऱ्या साधूला लोक अब्बा म्हणत. या अब्बा पामूनांचा शिष्य बेसा गेल्या हिवाळ्यात तापानं गेला. थेओन हा बेसाचा थोरला भाऊ, आणि ताहोर त्या दोघांची आई.

थेओन शहरातल्या ख्रिस्ती मंडळीचा वाचक होता. शास्त्र वाचायला उभा राहिला की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावं असा त्याचा आवाज, आणि अध्यायच्या अध्याय तोंडपाठ. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण चुकू शकतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बेसा जिवंत होता तोवर घरात त्याला वेडाच म्हणत. चांगली पिकती जमीन सोडून पोरगा वाळूत जाऊन बसला, याला दुसरं काय म्हणणार? एकदा तर आई आणि थेओन त्याला ओढून आणायला इथवर आले होते. आईनं दाराबाहेर उभं राहून आकांत केला. बेसा काही बाहेर आला नाही. मग तो मेला, आणि बघता बघता पंचक्रोशीत त्याच्या पुण्याईच्या गोष्टी पसरल्या. थेओन एका साधुपुरुषाचा भाऊ झाला. पण मग इतकी वर्षं त्याला वेडा कोण म्हणत होतं, हे कुणाच्या तरी गळ्यात घालायलाच हवं होतं ना! आई जवळ होती, तिच्या गळ्यात घातलं.

दफनाच्या वेळी, चार लोकांदेखत, थेओन तिला म्हणाला होता, “प्रभू ख्रिस्ताच्या आईनं कधी शंका घेतली नाही. तू घेतलीस.”

त्याला वाटलं होतं, ती रडेल, क्षमा मागेल, विषय संपेल. ती रडली नाही. त्या दिवसापासून तिनं मंदिरात पाऊल टाकलं नाही. प्रार्थनेत प्रभूच्या आठवणीची पवित्र भाकरी मोडून वाटली जाई तेव्हा ती बाहेर बसे. आत चल म्हटलं तर म्हणे, “कुठल्या तोंडानं घेऊ?” पुढं घरातलं जेवणही सुटत चाललं. परवा विहिरीवर तिला भोवळ आली, आणि थेओन धास्तावला. आई अशीच गेली तर? अब्बांनी एकदाचा निकाल द्यावा, हे पाप, हे प्रायश्चित्त, आणि म्हातारी मोकळी व्हावी, म्हणून तो तिला गाढवावर बसवून घेऊन आला होता.

“तुला शास्त्र पाठ आहे म्हणतात,” अब्बा म्हणाले.

“आहे थोडंफार.” थोडंफार म्हणताना त्याची मान ताठ झाली.

“घरचे लोक प्रभूला न्यायला येतात, तो भाग सांग बरं. तुझ्या शब्दांत सांग.”

थेओननं घसा साफ केला. “प्रभू एका घरात शिकवत होता. गर्दी एवढी की जेवायलाही सवड नाही. घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. म्हणून ते त्याला न्यायला आले. बाहेर उभे राहिले, आणि आत निरोप धाडला…”

“कोण उभं राहिलं बाहेर?”

“त्याची आई…”

थेओन अडखळला. हा भाग त्यानं भर सभेत किती वेळा वाचला होता.

“आणि?”

“आणि भाऊ.”

“भाऊसुद्धा?” अब्बा म्हणाले. “बरं, बरं.”

ते पुन्हा विणायला लागले. थेओनचे कान गरम झाले. पण वाद घालायची सवय सहजी जात नाही.

“अब्बा, मी त्या दिवशी एक शब्दही बोललो नव्हतो. आरडाओरडा आईनं केला. सगळे साधू कोठड्यांतून बाहेर येऊन बघत होते. मान खाली घालायची वेळ आली माझ्यावर.”

“काय ओरडली ती?”

“वेडा म्हणाली त्याला. देवाला वाहिलेल्या माणसाला वेडा!”

“आणखी?”

“आणखी काय… तेच. वेडा, वेडा.”

अब्बांनी टोपली बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात देत कण्हत उठले.

“चल,” म्हणाले.

ताहोरपाशी जाऊन ते तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

“आई, जरा माझ्याबरोबर येतेस? बेसाच्या कोठडीपर्यंत.”

ती दचकली. मग भिंत धरून उठली. थेओननं हात पुढं केला, तो तिला दिसला नाही.

कोठडी जवळच होती. मातीच्या भिंती, ठेंगणं लाकडी दार. बेसा गेल्यापासून तिथं कुणी राहत नव्हतं.

“थेओन, तू आत जा,” अब्बा म्हणाले. “दार लावून घे आणि दाराजवळ बस. तो तिथंच बसायचा.”

“मी?”

“तूच.”

थेओन वाकून आत गेला. मागं दार लागलं. आत अंधार होता. एक चटई, पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात खजुरीच्या पात्यांची वाळलेली जुडी. एवढाच संसार! तो चटईवर बसला. आपण इथं का बसलोय हे त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता.

बाहेरून अब्बांचा आवाज आला. “आता आई, त्या दिवशी जशी हाक मारलीस, तशी मार.”

“नको, अब्बा… ते पाप पुन्हा करायला सांगू नका.”

“पाप लागलं तर माझ्या डोक्यावर.”

“माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“त्या दिवशी झालं होतं ना? मार हाक.”

मग अगदी हलक्या आवाजात, कुणाला झोपेतून उठवावं तशी ती म्हणाली, “बेसा…”

दारावर थाप पडली.

“बेसा! ए बेसा!”

आणि मग तिचा बांध फुटला.

“अरे वेडा झालास का रे तू? कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? हाडं वर आली असतील तुझी, मला बघायलासुद्धा मिळू नयेत? बाहेर ये! अंगावर पांघरूण तरी आहे का रे? रात्री किती गारठा पडतो इथं! मसुराचं कालवण आणलंय, निवतंय बघ. दोन घास खा, मग बस हवं तेवढं देवापाशी. मी काय देवाला नको म्हणते? वेड्या, एकदा तोंड दाखव. एकदाच. मग जाते मी…”

थेओनला शब्द न् शब्द ऐकू येत होता. हेच शब्द त्यानं त्या दिवशीही ऐकले होते, तिच्या खांद्याला खांदा लावून उभं असताना. पण तेव्हा तो बघणाऱ्या लोकांकडे बघत होता. आता बघायला कुणी नव्हतं. तिनं कालवण आणलं होतं? हो, आणलं होतं. येताना गाढवावर त्यानंच ते भांडं धरलं होतं, आणि जाताना चिडून वाळूत ओतून दिलं होतं. हे आपण कसे विसरलो?

त्याला रडू आलं. मोठ्या माणसाला येतं तसं, नाकातोंडातून, बेढब.

दार उघडलं तेव्हा त्याचा हात कडीवर होता. आतून तोच उघडत होता की बाहेरून अब्बा, हे त्याला पुढं कधी आठवलं नाही.

“काय म्हणाली?” अब्बांनी विचारलं.

अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असलेल्या वाचकाला शब्द सापडेनात.

“कालवण… निवतंय म्हणाली.”

“आणि वेडा?”

“म्हणाली असेल… म्हणाली. दोनदा का तीनदा.”

अब्बांनी मान डोलावली आणि त्याला तिथंच सोडून ते ताहोरकडे वळले. ती वाळूत बसली होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

“अब्बा, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“त्यानं… ऐकलं होतं हे सगळं?”

“सगळं. दाराला कान लावून बसला होता.”

तिनं तोंडावर हात घेतला. “म्हणजे माझ्यावर रागावूनच गेला माझा लेक.”

“रागावला होता,” अब्बा म्हणाले.

थेओनला वाटलं, एवढं खरं बोलायची काही गरज होती का?

“पण तुझ्यावर नाही,” अब्बा म्हणाले. “माझ्यावर.”

ताहोरनं हात खाली घेतला.

“त्या दिवशी मी आत त्याच्याजवळच होतो, मग बाहेर आलो, आठवतं? तुला म्हणालो होतो, बाई, तुझा मुलगा प्रार्थनेत आहे, घरी जा.”

“हो. आणि मी गेले.”

“तो प्रार्थनेत नव्हता. शेवटी तर उठून कडीला हात घालून उभा होता. मीच त्याला म्हटलं होतं, उघडू नकोस. मला वाटलं, एकदा हिचं तोंड पाहिलं की हा पोरगा गेला, परत काही येत नाही.” अब्बा थांबले. “शंका माझी होती, आई. माझ्या शिष्यावर. तुला तर तो परत इथंच येणार हे ठाऊक होतं. दोन घास खा आणि मग बस, असंच म्हणालीस ना तू?”

ताहोर त्यांच्याकडे एकटक बघत होती.

“तुम्ही गेल्यावर तो कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्याकडे पाठ करून टोपल्या विणायचा. मग एकदा म्हणाला, अब्बा, तिचं बोलून संपलं नव्हतं… बस्स. पुढं मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. आणि मीही नाही.”

“असं म्हणाला?”

“असंच म्हणाला.”

“तिचं बोलून संपलं नव्हतं…” ताहोरनं ते शब्द स्वतःशी म्हणून पाहिले. आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. “मेल्याला लहानपणी तर माझं बोलणं नकोसं व्हायचं!”

मंदिराच्या अंगणात लाकडी फळीवर ठोके पडू लागले. प्रार्थनेची वेळ झाली होती. थेओन पुढं झाला, आईला आधार द्यायला. पण ती आपली आपणच उठली, कपड्यांवरची वाळू झटकली आणि चालू लागली. उंबऱ्यापाशी येऊन तिनं मागं वळून पाहिलं.

अब्बा आत येत नव्हते. मघाशी ती जिथं बसली होती तिथं, भिंतीला टेकून, ते बसले होते.

“अब्बा, चला ना. सुरू होईल.”

“मी कुठल्या तोंडानं येऊ? आईला लेकाच्या दारातून परत धाडलं मी.”

आत-बाहेर करणारे लोक थबकले. सगळ्या वाळवंटाचा मान असलेला म्हातारा उंबऱ्याबाहेर बसला होता, आणि ही खेडवळ बाई त्याच्यासमोर उभी! थेओनला कुठं बघावं ते सुचेना.

ताहोर दोन पावलं परत आली. कमरेवर हात ठेवून तिनं अब्बांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“धाडलंत खरं,” ती म्हणाली. “चूकच केलीत. एवढं वय झालं तरी कळायला नको?”

“कळायला हवं होतं.”

“कडी काढू दिली असतीत तर काय आभाळ कोसळत होतं?”

“नव्हतं.”

तिनं डोळे पुसले. “जाऊ द्या. झालं ते झालं. तुम्ही त्याला शेवटपर्यंत सांभाळलंत. केली क्षमा. उठा आता, भुई तापलीय ती.”

तिनं हात दिला. त्या हाताला धरून अब्बा उठले आणि दोघं आत गेले. थेओननं दारातूनच पाहिलं. भाकरीचा तुकडा पुढं आला तेव्हा आईनं दोन्ही हातांची ओंजळ केली, तुकडा घेतला आणि तिथंच उभ्यानं, डोळे मिटून खाल्ला. त्याच्या उरावरची धोंड उतरली. घरी गेल्यावर ती जेवेल. नक्की जेवेल.

प्रार्थना आटोपून अब्बा बाहेर आले. ताहोर अजून आतच होती, ओळखीच्या बायकांच्या घोळक्यात, कितीतरी दिवसांचं बोलून घेत होती. थेओननं वाकून अब्बांचा हात डोळ्यांना लावला.

“उपकार झाले, अब्बा. एकदाचं मिटलं सगळं.”

“माझं मिटलं,” अब्बा म्हणाले. “तुझं तू विचार तिला.”