बैलाचं औषध आणि कवडी मांजर

अश्मक देशात पोतली नगरीत एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व सुमंगल नावाचा धान्याचा व्यापारी होऊन जन्मला होता. कोठाराला लागूनच गोठा होता. तिथले बैल त्याचा धाकटा भाऊ तुंडिल सांभाळी. तुंडिल कामाला वाघ, पण धीर म्हणून अंगात नाही.

कोठारात उंदरांसाठी कवडी नावाची मांजर पाळली होती. ती नुकतीच व्याली होती आणि गोठ्यातल्या गोचिडी तिच्या कानांमागे टम्म फुगून लटकत होत्या. त्या दिवशी राजाचा अधिकारी धान्य पाहायला यायचा होता. असली मांजर पाहून तो माल नाकारील, ही तुंडिलाला धास्ती. बैलांच्या गोचिडींवर त्याचं ठरलेलं औषध होतं, करंजाच्या तेलात खललेला मोरचूद. एवढ्या थोरल्या बैलाला चालतं, मग मांजरीला न चालायला काय झालं? त्यानं कवडीला मानेपासून शेपटीपर्यंत चोपडलं आणि हात धुऊन मोकळा झाला.

अधिकारी दारात उतरला तोवर कवडीनं सगळं अंग चाटून काढलं होतं. तोंडाला हिरवा फेस, पाय लटपटलेले. पिल्लं तिच्या पोटाशी लुचायला धडपडत होती. पाहुण्याला दिसू नये म्हणून तुंडिलानं तिला पोत्यांआड सारलं.

सुमंगलानं ते पाहिलं. पाहुण्याला बसायला सांगून त्यानं आधी पिल्लं बाजूला केली आणि कोमट पाण्यात हरभऱ्याचं पीठ कालवून कवडीला धुवायला बसला. एकदा धुतलं, पुन्हा धुतलं. अधिकारी ताटकळला, मग चिडून उठला.

“दादा, ते निघाले,” तुंडिल कळवळून म्हणाला.

“जाऊ देत. तू पाणी आण.”

दुपार कलल्यावर कवडीनं मान उचलली. एका मांजरीपायी घर बुडवलंस, म्हणून तुंडिल भावावरच घसरला. मनातून मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

सुमंगल म्हणाला, “तुंडिला, बैलाला लावलेलं अंगावर राहतं. मांजरीला लावलेलं तिच्या पोटात जातं. तू गोचिडी पाहिल्यास, मांजर पाहिली नाहीस.”

मग त्यानं गोचीड काढायची रीत दाखवली. कातडीलगत चिमटीत धरायची, पिळायची नाही, सरळ हळू ओढायची. हिसकलं तर तोंड आत राहून जखम चिघळते. गोठाही रोज झाडायचा. या जिवांना मारल्याचं पाप कुणाला, असं तुंडिलानं विचारलं.

“ते माझ्या माथी. तू हात हलू देऊ नकोस.”

पुढे कितीतरी दिवस तुंडिल दिसला की कवडी पळे. आणि हा उतावळा माणूस रोज सकाळी जमिनीवर तळवा टेकून गप्प बसून राही. एका सकाळी ती आपण होऊन आली आणि तिनं मान त्याच्या तळव्यात टाकली. तुंडिल रडला. राजाचं गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही.

ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, “आज ज्यानं आजारी सोबत्याला न विचारताच आपला काढा पाजला, तो भिक्षू सोत्तिय तेव्हाचा तुंडिल. कवडी म्हणजे तो सोबती. सुमंगल मी होतो.” गोचिडी कोण होत्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण सभेत एक-दोघांनी अंग चोरलं. त्या जन्मी बोधिसत्त्वानं आचरलेला गुण तो प्रज्ञेसह करुणा.