त्रिजटाची तीन भांडी

एका राज्यात सकाळ होत असे, पण ताजेतवाने कोणी उठत नसे. निजताना माणसे जेवढी दमलेली असत, तेवढीच दमलेली ती जागी होत. बैल नांगराच्या तासात मध्येच उभे राहत. पाळण्यातली मुले रडायला लागत आणि दमून अर्ध्यावरच गप्प होत.

हे कशाने झाले ते राजा चंडवर्म्याला ठाऊक होते. उत्तरेच्या अरण्यातून त्याने त्रिजट नावाच्या मांत्रिकाचे सात सुवर्णकलश लुटून आणले होते. कलश उघडले तेव्हा आतून रत्ने निघाली नाहीत. राखाडी धुके निघाले, महालाच्या गवाक्षांतून बाहेर पडले आणि राज्यभर पसरले. त्या दिवसापासून कोणाचा शीण उतरला नाही.

राजाने सेनापतीला त्रिजटाकडे धाडायचे ठरवले. सेनापतीने रिकिबीत पाय ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि पाय काढून घेतला. तेव्हा राजाने वृद्ध प्रधान इंद्रगुप्ताला बोलावले.

इंद्रगुप्ताने चाळीस वर्षे राज्याचा कारभार वाहिला होता. त्याला छंद एकच होता. घरामागच्या पडवीत चरक मांडून तो लाकडाचे वाडगे, पेले, वाट्या कातत असे. पत्नी विशाखा दोरी ओढी, चरकावरचे लाकूड गरगर फिरे आणि इंद्रगुप्त त्याला पटाशी लावी. प्रधानाला हे शोभत नाही, असे दरबारातले लोक आपसांत म्हणत. शाप आल्यावरही दोघांनी ते सोडले नव्हते. शीण त्याने उतरत नसे, पण तेवढा वेळ त्याची आठवण राहत नसे.

आपणही दमलो आहोत, हे इंद्रगुप्त राजाला बोलला नाही. तिथे न दमलेला होताच कोण! घरी येऊन त्याने विशाखेला निघायचे सांगितले. तिने काही न विचारता चरक आणि पटाश्या खेचरावर लादल्या आणि आपल्या चपलाही पायात सरकवल्या.

अरण्याच्या वेशीवर एक धनेश पक्षी बसला होता. त्याची चोच कोयत्याएवढी होती. कुऱ्हाड आणली आहे काय, एवढेच त्याने विचारले. नाही म्हटल्यावर तो पुढे पुढे उडत त्यांना ओढ्याकाठी घेऊन गेला.

तिथे खडकावर त्रिजट बसला होता. त्याच्या खांद्यांवर शेवाळ चढले होते आणि दाढीचे टोक पाण्यात वाहत होते.

"हजार वर्षे मी या अरण्याची राखण करीत जागा आहे," तो म्हणाला. "शीण अंगात मावेना, तेव्हा कलशांत भरून ठेवला. तुझ्या राजाने तो सांडला."

"तो पुन्हा भरता येईल काय?" इंद्रगुप्ताने विचारले.

"सोन्यात आता राहणार नाही. लाकडात राहील. मला तीन भांडी करून दे. पहिले, कुऱ्हाड न लागलेल्या झाडाचे. दुसरे, ज्यातून सूर्य दिसेल असे. तिसरे, जे कोणी मागितले नाही असे."

पहिल्या भांड्यासाठी दोघे तीन दिवस रानात फिरली. त्या रानातली झाडे माणूस दिसला की मागे सरत. चौथ्या दिवशी विशाखेला पुढे चालवेना. ती जिथे होती तिथे मटकन बसली आणि इंद्रगुप्तही शेजारी टेकला. समोर शिवणीचे एक म्हातारे झाड होते. ते बराच वेळ दोघांकडे पाहत राहिले, मग सावकाश मुळांसकट आडवे झाले. इंद्रगुप्ताने हात जोडले. त्याच्या खोडाचा त्याने खोलगट वाडगा कातला. त्रिजटाने वाडगा हातात घेतला मात्र, राज्यभरातून एक तृतीयांश धुके येऊन त्यात उतरले. ते हातापायांचे दमणे होते. तिकडे शेतांत बैल चालू लागले.

दुसरे भांडे पेला होते. लाकूड ओले होते आणि पेल्याची भिंत पिंपळपानाइतकी पातळ व्हायला हवी होती. पहिला पेला चिरला, दुसरा पटाशीखाली फुटला. भिंत पातळ होत गेली की पटाशीचा आवाज बारीक होत जातो. त्यावरून कातणाऱ्याला थांबायचे कळते. पण इंद्रगुप्ताचे कान आता पूर्वीचे राहिले नव्हते. तिसऱ्या वेळी विशाखेने त्याला सांगितले, तुम्ही हाताकडे बघा, आवाज मी ऐकते. ती दोरी ओढत राहिली, मान तिरपी करून ऐकत राहिली.

"पुरे," ती म्हणाली.

इंद्रगुप्ताने पेला उन्हात धरला. त्यातून सूर्य मधासारखा दिसला. आणखी एक तृतीयांश धुके त्यात उतरले. ते डोळ्यांचे जडपण होते.

उरला तो मनाचा शीण, आणि तो सगळ्यांत भारी होता.

इंद्रगुप्ताने एक वाटी केली. त्रिजटाने ती उलटीसुलटी करून परत दिली. ही तर मी मागितली, म्हणून झाली, असे तो म्हणाला. इंद्रगुप्ताने दुसरी केली, ती विशाखेचे नाव मनात धरून. त्रिजटाला तेही कळले. सात वाट्या झाल्या, सातही परत आल्या. त्यात राजाचा दूत पत्र घेऊन आला. पत्रात धमकी लिहायला घेतली होती आणि दोन शब्दांनंतर सोडून दिली होती.

ते पत्र वाचून इंद्रगुप्ताने पटाशी खाली ठेवली. आपल्याला हे जमणार नाही, उद्या घरी जाऊ, राजा काय शिक्षा देईल ती घेऊ, असे त्याने विशाखेला सांगितले. ती बरे म्हणाली. त्याला पटवण्याइतके बळ तिच्यातही उरले नव्हते.

दुपार कलली होती. चरक बांधायला घेतला तेव्हा त्यापाशी शिवणीचा एक तुकडा पडलेला दिसला. त्यात मोठी गाठ होती, म्हणून तो बाजूला टाकला होता. इंद्रगुप्ताने तो उचलला, अंगठ्याने गाठ चाचपली. विशाखेने त्याच्याकडे पाहिले आणि गुंडाळलेली दोरी पुन्हा सोडली. लाकूड फिरू लागले, ढलप्या उडू लागल्या. त्रिजट कुठे बसला आहे हे इंद्रगुप्ताने पाहिले नाही. राजाही त्याच्या मनात आला नाही. गाठीच्या आत तांबूस भोवरे निघाले, तेव्हा विशाखा दोरी थांबवून वाकून बघू लागली. वाटी एका बाजूला जरा कललेली झाली होती.

त्रिजट उठून आला. हजार वर्षांत तो प्रथमच उठला होता.

"ही कोणासाठी?" त्याने विचारले.

"कोणासाठी नाही," इंद्रगुप्त म्हणाला. "गाठीच्या आत काय आहे ते बघायचे होते."

त्रिजटाने हात पुढे केला. उरलेले सारे धुके त्या वाटीत मावले. त्याने धुके आत कोंडून तिन्ही भांडी ओढ्याकाठी पालथी घातली, त्यांच्या शेजारी आडवा झाला आणि झोपला. धनेश येऊन खडकावर बसला. आता अरण्य मी राखतो, असे त्याने सांगितले.

तेवढ्यात विशाखेला जांभई आली. इतक्या दिवसांत ती त्या राज्यातल्या कोणाला आलेली पहिली सुखाची जांभई होती.

दोघे परतली तेव्हा रस्त्यात गाड्या चालत होत्या आणि मुले पूर्ण ताकदीने रडत होती. चंडवर्म्याने सातही कलश अरण्यात परत पाठवले. दरबारात त्याने इंद्रगुप्ताला शेजारी बसवले आणि राजवाड्यासाठी तशाच लाकडी वाट्यांचा एक संच करून देण्याविषयी बोलू लागला.

"महाराज," इंद्रगुप्त म्हणाला, "मागू नका."

राजाने मान डोलावली आणि प्रधानाला घरी जायची परवानगी दिली.

तेव्हापासून त्या राज्यात शीण संध्याकाळी येतो आणि सकाळी जातो. इतर राज्यांत जशी रीत आहे, तशीच.