आसरांच्या डोहावरची राखण

तळखोऱ्याच्या पायथ्याशी नदी वळते तिथे हा डोह आहे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसतात त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. या डोहाचा तळ आजवर एकदाच दिसला, असे सांगतात. अशा काळ्याभोर पाण्यावर चार-पाच वर्षांची पोरे पाठीवर निवांत पडलेली पाहून येणारेजाणारे घाबरतात. घाबरू द्या. एकेकाळी गावही घाबरायचेच.

पूर्वी म्हणे इथे पोराने पाण्याला पाय लावायचा नाही असा दंडक होता. आसरा लहान जीव ओढून नेतात, म्हणून मुलाने मिसरूड फुटेपर्यंत आणि मुलीने सासरी जाईपर्यंत डोहाकडे फिरकायचे नाही. मोठ्यांनी अमावास्येला नारळ द्यायचा आणि मुकाट्याने घरी यायचे. पण पोरे ती पोरेच! चेंडूमागे, म्हशीमागे ती जायचीच, आणि पोहता येत नसल्याने परत यायची नाहीत. गाव म्हणायचे, आसरांनी नेले. पुढच्या अमावास्येला एकाचे दोन नारळ व्हायचे.

ठकूबाई या गावची सून. तिचे माहेर घाटाखाली, खाडीकाठी. तिथे लेकराला पाचवे वर्ष लागले की बाप त्याच्या पाठीला पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून त्याला पाण्यात सोडी, आणि ठकू तशीच पोहायला शिकली होती. पण सासरची रीत मोडायची कशी, म्हणून ती गप्प राहिली. मग एका दुपारी तिचा सात वर्षांचा भिवा म्हशीमागे डोहात उतरला. काठावर चांगले चार बाप्ये उभे होते, पण एकालाही पोहता येत नव्हते. ठकू शेतातून धावत येईतो पाणी शांत झाले होते. तिच्या काळजाचे काय झाले ते सांगवत नाही.

मागे राहिली धाकटी बायजा. तिला पाचवे लागले त्या चैत्रात ठकूबाई तिचा हात धरून डोहाकडे निघाली. मागून सारा गाव आला. सासूने पदर पसरला.

"अगं सूनबाई, नखाएवढं पोर त्ये! येक गेलं त्ये पुरं न्हाई झालं व्हय?"

"आत्याबाई, पाणी न्हाई शिकली तर आज न्हाई उद्या हीबी जाईल."

छातीइतक्या पाण्यात उभी राहून ठकूबाई त्या सात दगडांशी बोलली. "आयांनो, पहिलं लेकरू माज्या पाठीमागं नेलंत. हे मी माज्या हातानं तुमच्या वटीत घालते. ठेवायचं तर ठेवा, द्यायचं तर द्या. दिलंत तर गावातलं येकबी पोर हितं नजरेबिगर येनार न्हाई. जीव हाय तवर मी राखन करीन."

मग लेकीला म्हणाली, "बायजे, आभाळाकडं बघ. हातपाय झाडू नगंस."

तिने लेकीला पाण्यावर पाठीवर निजवले, हळूच हात काढून घेतले आणि वर जोडले. डोहाच्या मधोमध सदा फिरणारा भोवरा जागच्या जागी थांबला. पाणी तळापर्यंत निवळले आणि बायजाच्या पाठीखाली हात दिसले, हिरव्या चुड्यांचे, चांगले चौदा. तान्ह्याला तोलावे तसे ते तिला तोलून होते, आणि पोर हसत होते. मग पाणी पुन्हा काळे झाले, पण बायजा वरच राहिली. सासूने काठावरच लोटांगण घातले.

ठकूबाईने शब्द पाळला. पोरे पाण्यात असली की ती काठावर बसायची. ना गप्पा, ना हाताला काम, नुसते बघायचे. असे करता करता म्हातारी झाली. एका संध्याकाळी शेवटचे पोर बाहेर येऊन अंग पुसू लागले, तेव्हा तिने डोळे मिटले ते मिटलेच. वैद्याने नाडी धरली आणि तो चरकला. अंग दुपारीच थंड पडले होते म्हणे.

आजही चैत्रात पाचवे लागलेले लेकरू त्याची आई या डोहात निजवते. आणि पोरे पाण्यात असेतो गावातले एक जाणते माणूस काठावर बसते. तुम्ही त्याला रामराम घाला, ते उत्तर देणार नाही; राग मानू नका. शेवटचे पोर काठाला लागले की ते क्षणभर डोळे मिटते, आणि मग तुमच्याकडे वळून रामराम म्हणते.